दोन हंडे प्यालेली गादी

घटकाभर पडून बघू आणि मग ती गादी गुंडाळून मेव्हण्याकडं परत धाडून देऊ, एवढंच मच्छिंद्र गिरणीवाल्यानं त्या दुपारी ठरवलं होतं. माणूस तसा शब्दाचा पक्का. पण घटकाभराचे दोन तास झाले आणि त्या दोन तासांनी त्याची जी शोभा केली, ती हिवरमाळात अजून सांगतात.

हिवरमाळ हे पाथर्डीपासून बरंच आत, माळावर वसलेलं गाव. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. आदल्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता आणि विहिरीत वाकून पाहिलं तर तळाचे दगड मोजता येत होते. एक दिवसाआड सरकारी टँकर यायचा आणि घरटी दोन हंडे पाणी मिळायचं. त्यात प्यायचं, रांधायचं, भांडी घासायची आणि उरलं तर तोंड धुवायचं.

पाणी वाटायचं काम सरपंच आसारामनं मच्छिंद्रकडं दिलं होतं. एक तर गिरणीवर डब्यांची रांग लावायची त्याला सवय. दुसरं म्हणजे वीस वर्षं इंजिनाशेजारी उभं राहून त्याचे कान अर्धे गेले होते. "ह्याच्यापाशी कुनाचा वशिला चालायचा न्हाई," आसाराम म्हणाला होता. "कारन ह्याला ऐकूच येत न्हाई."

मच्छिंद्र बोलायचा ते ओरडूनच. (इंजिन बंद असलं तरी. देवळात नमस्कार करताना तो देवालाही ओरडूनच सांगायचा.) त्यात स्वभाव तापट. त्याला राग आधी यायचा आणि कारण मागनं सापडायचं. टँकरपाशी तो काठी घेऊन उभा राहिला की बाया पदर सावरून गप रांगेत उभ्या राहायच्या. भिंतीपलीकडं राहणारी त्याची सख्खी चुलती आक्काबाई (तो तिला नानी म्हणायचा), तिच्याकडं पाहुणे आले म्हणून तिनं एक तांब्या जास्त मागितला, तर त्यानं अख्ख्या रांगेदेखत नाही म्हणून सांगितलं. शेजारच्या बनुबाईचा हंडा तिच्याच उंबऱ्यावर घसरून सांडला. ती रडत परत आली, तेव्हा हा म्हणाला, "सांडल्याला पानी न्हाई. सांडलं का तुमीच वापारलं, मी कसं वळखायचं?"

मात्र स्वतःच्या घरीही त्यानं कधी थेंब जास्त नेला नाही. पंधरा दिवस आंघोळ नव्हती. त्याच्या अंगावर मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या, पिठाचा थर बसून तो लांबून पुतळ्यासारखा दिसायचा. आपण चोख आहोत याचा त्याला अभिमान होता, आणि बाकी कुणी चोख नाही याचा राग.

त्या आठवड्यात इंजिन चालू करताना हँडल उलटं फिरलं आणि त्याच्या पाठीत उसण भरली. चार दिवस बायकोनं, छबूबाईनं, वीट तापवून शेकलं. राजुबा वैदूनं पाठ चोळली, ती अशी की आधी एकीकडं दुखत होतं ते दोन्हीकडं दुखायला लागलं. शेवटी छबूबाईनं त्याला न विचारता एसटीच्या कंडक्टरबरोबर भावाला निरोप धाडला. भाऊ गोरक्ष नगरला नागापूरच्या कारखान्यांत एका वर्कशॉपमध्ये बसगाड्यांच्या सीटा भरायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गोरक्ष आला. टपावरनं त्यानं सुतळीनं आवळलेली एक भलीमोठी पिवळी गुंडाळी उतरवली आणि डोक्यावर घेऊन थेट दारात.

"हे काय आनलं?" मच्छिंद्र बाजेवरनं ओरडला.

"फोम हाय, दाजी."

"फोन? मला कशाला फोन? कुनाशी बोलू?"

"फोन न्हाई हो, फोम. गादी. बाजेवर वाकळ असती ना, तिच्यावर हे टाकायचं. पाठीला कळनार बी न्हाई बाज हाय का काय हाय."

"कितीला आनलं?"

"कितीला न्हाई. सीटा कापून शिल्लक ऱ्हायलं, मालकानं दिलं."

"म्हंजी उष्टं."

"उष्टं कसं, दाजी. शिल्लक."

"मला सासरवाडीचं शिल्लक नको. घिऊन जा परत."

गोरक्ष समजूतदार. बहिणीच्या हातची भाकरी खाल्ली, घोटभर पाणी मागायचंही टाळलं, आणि गाडीला निघून गेला. गुंडाळी तिथंच राहिली. छबूबाईनं सुतळी सोडली, तशी ती आपोआप उलगडून पसरली. चार बोटं जाड, बाजेएवढी लांब. तिनं ती वाकळीवर अंथरली आणि अंगणात मिलो पाखडायला जाऊन बसली.

मच्छिंद्र भिंतीला टेकून गादीकडं बघत राहिला. नव्या सायकलच्या टायरसारखा वास येत होता. एवढ्या लांबनं आणली आहे, तर नाव ठेवायला तरी एकदा पडून बघावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं दार लोटून घेतलं (छबूबाईनं बघितलं असतं तर आयुष्यभर ऐकावं लागलं असतं) आणि जपून आडवा झाला.

गादी दबली. त्याला वाटलं, आपण खाली खाली चाललो. तो शिवी देणार, एवढ्यात पाठ दुखायची थांबली. चार दिवस विटा झाल्या, वैदू झाला, तेव्हा ही पाठ जागची हलली नव्हती, आणि मेव्हण्याच्या शिल्लक तुकड्यावर पडल्याबरोबर थांबली. याचा त्याला इतका संताप आला की त्या संतापातच त्याला गाढ झोप लागली.

आता पाण्याचे हंडे कुठं होते ते सांगायला पाहिजे. सकाळच्या टँकरचे दोन्ही भरलेले हंडे त्याच खोलीत, बाजेच्या उशाला, एका लाकडी तिवईवर होते. स्वयंपाकघरात कुत्रं शिरतं, अंगणात शेजारी शिरतात, तेव्हा पाणी आपल्या नजरेखालीच राहिलं पाहिजे, हा मच्छिंद्रचाच हुकूम. छबूबाईनं तिवईचा एक पाय डुगडुगतो म्हणून दोनदा सांगितलं होतं. ते त्याला ऐकू आलं नव्हतं.

दुपार कलायला लागली तेव्हा आक्काबाई मिलोचा डबा घेऊन आली. गिरणी बंद दिसली म्हणून ती घराच्या मागच्या दाराशी आली आणि हाक मारली. आतून उत्तर नाही. पुन्हा मारली. मग तिनं हातातला पत्र्याचा डबाच दारावर दोनदा आपटला.

मच्छिंद्र दचकून जागा झाला. त्याला वाटलं, इंजिनाचा पट्टा तुटला. उठायला म्हणून त्यानं हात टेकला, तो कोपरापर्यंत रुतला. दुसरा टेकला, तोही रुतला. अंग एका बाजूला कललं, त्यानं धरायला म्हणून गादीच धरली आणि ती त्याच्याबरोबर आली. गादी खाली, गादीवर मच्छिंद्र, आणि त्याचा पाय लागून तिवई कलंडली ती दोन्ही हंड्यांसकट मच्छिंद्रवर.

पाठीत अशी कळ आली की त्याला ओरडताही येईना. गादी त्याच्या वजनानं चपटी झाली होती आणि पाणी तिच्यावर तळं होऊन साचलं होतं. अजूनही बरंचसं वाचलं असतं. पण मच्छिंद्र बाजेला धरून उठला. वजन गेलं, तशी गादी फुगत वर आली, आणि सुर्रकन आवाज होऊन तळं नाहीसं झालं.

छबूबाई धावत आत आली. दोन्ही हंडे आडवे. नवरा डोक्यापासून टाचांपर्यंत भिजलेला.

"पानी कुठंय?"

"सांडलं."

"कुठं सांडलं?"

जमीन सकाळी सारवलेली होती, तशीच होती. बाजेच्या पायापाशी तळहाताएवढी ओल, बास. मच्छिंद्रनं गादीकडं बोट केलं. "ती प्याली."

छबूबाई ओरडली नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात ती ओरडली की मच्छिंद्रला बरं वाटायचं, कारण त्यावर त्याला ओरडता यायचं. ती गप्प झाली की काय करावं हे त्याला कधीच कळलं नाही. तिनं परात आणली, गादीचं एक टोक उचललं आणि म्हणाली, "धरा."

दोघांनी दोन टोकं धरून पीळ घातला. पाठीतल्या कळेनं मच्छिंद्रच्या डोळ्यांत पाणी येत होतं, पण तेवढंच पाणी परातीच्या बाहेर पडत होतं. पिळून पिळून जेमतेम एक हंडा भरला. पिवळसर पाणी, टायरचा वास. छबूबाईनं ओंजळभर शेळीपुढं धरलं. शेळीनं हुंगलं, मान वर केली आणि मच्छिंद्रकडं बघितलं.

"आता तू बी सुरू कर," मच्छिंद्र शेळीला म्हणाला.

तेवढ्यात त्याचं लक्ष मागच्या दाराकडं गेलं. दार अर्धं उघडं होतं आणि उंबऱ्यात आक्काबाई उभी होती. ती नवरा-बायकोकडं बघत होती, पिळलेल्या गादीकडं बघत होती, आणि हंड्यातल्या पिवळसर पाण्याकडं बघत होती. डबा तिथंच ठेवून वळली आणि गेली. म्हातारी डबा विसरून जाते म्हणजे काय, हे छबूबाईला कळलं. मच्छिंद्रला वाटलं, बरं झालं, गेली.

आक्काबाईनं बनुबाईला एवढंच सांगितलं की मच्छ्याच्या गादीत पानी हाय. बनुबाईनं पुढं सांगितलं की मच्छिंद्र गादीत पाणी साठवतो. देवळापाशी पोचेपर्यंत त्याच्या मेव्हण्यानं नागापूरच्या कारखान्यात मुद्दाम तशी गादी बनवून घेतली होती, आणि चावडीपाशी तिला आतून नळ बसवलेला होता.

दिवेलागणीच्या आधी आसाराम सरपंच दारात आला. मागं निम्मं गाव.

"मच्छिंद्र, गादी दाखव."

"यादी?" मच्छिंद्र उंबऱ्यात आडवा उभा राहिला. कुणाला किती पाणी दिलं ती यादी म्हणजे त्याचा जीव. "यादी मी कुनाला दाखवनार न्हाई. यादी माझ्या डोक्यात हाय."

"डोक्यात न्हाई, तुझ्या घरात हाय. आक्काबाईनं बघितलीय."

"नानीला वाचता येत न्हाई, तिनं कशी बघितली?"

"अरे, तू आन् छबूबाई ती पिळत हुता म्हनं."

"यादी?"

"आन् तिच्यातनं हंडाभर पानी निघालं."

मच्छिंद्र आसारामकडं बघत राहिला. सरपंचाला ऊन लागलं असावं असं त्याला वाटलं. शेवटी बनुबाई पुढं होऊन त्याच्या कानाशी ओरडली, "गादी, गिरनीवाले, गादी. झोपायची."

मग मात्र त्याचा चेहरा उतरला, आणि गावानं तो उतरलेला बघितला.

आसाराम आत गेला. गादी भिंतीला टेकवून उभी केली होती. त्यानं तिच्यावर हात दाबला आणि बोटांच्या फटींतून पाणी ओघळलं.

"ते सांडलंय," मच्छिंद्र म्हणाला. "माझं आजचं. दोन हंडे. झोपंत माझ्याच पायानं."

"सांडलं आसतं तर जमीन वली आसती." आसारामनं वाकून जमिनीवर हात फिरवला. "ही तर कोरडी ठाक हाय."

"गादीनं प्यालं सगळं."

मागून कुणीतरी हसलं. बनुबाई हसली नाही. ती म्हणाली, "माझं सांडलं तवा तुमी काय म्हनला हुता, गिरनीवाले? सांडलं का वापारलं, कसं वळखायचं. आता आमी कसं वळखायचं?"

हे मच्छिंद्रला पहिल्याच वेळी स्पष्ट ऐकू आलं. त्याला राग आला. तो नेहमीसारखा वर आला, पण जायला जागाच मिळेना. बनुबाईवर काढावा, तर तिनं त्याचेच शब्द त्याला दिले होते. गोरक्षवर काढावा, तर तो बिचारा पाणीही न पिता गेला होता. पंधरा दिवस अंगाला पाणी लावलं नाही, आणि आज दारात उभं राहून गाव आपल्याला पाणीचोर म्हणतंय. त्याला ओरडून सांगायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. गिरणीवाल्याचा आवाज नाही म्हटल्यावर गर्दीतल्या दोघा-तिघांना उगीच कसंतरी झालं.

छबूबाई आतापर्यंत चुलीपाशी उभी होती. ती आली, गादी धरून धाडदिशी जमिनीवर आडवी टाकली आणि तिच्या मधोमध दोन्ही पाय रोवून उभी राहिली.

"लई बोलून झालं," ती म्हणाली. "बघायचंय ना तुमाला? बघा."

तिनं पिळून भरलेला तो हंडा उचलला. पुढच्या दोन बाया नकळत "अगं अगं" करत हात पुढं करून धावल्या, कारण त्या उन्हाळ्यात पाणी सांडताना बघणं कुणालाच सोसत नव्हतं, चोराचं असलं तरी. तोवर तिनं अख्खा हंडा स्वतःच्या पायांभोवती ओतला. पाणी खळग्यात साचलं. छबूबाई गादीवरून उतरली. सुर्रकन आवाज झाला आणि पाणी गेलं.

आसारामनं पुन्हा जमिनीवर हात फिरवला. मग स्वतःच्या हाताकडं बघितलं.

"पिती की खरंच," तो म्हणाला.

मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं की आता या घरात प्यायला काहीच उरलेलं नाही. आसारामनं मुंडासं काढून ठेवलं. "धरा रे, पिळा. जेवढं निघंल तेवढं निघंल." चार गडी एकीकडं, चार गडी एकीकडं. मच्छिंद्रला कंठ फुटला आणि तो मध्ये उभा राहून हुकूम सोडायला लागला. डावीकडचे डावीकडं फिरवा, उजवीकडचे उजवीकडं. आठही जणांनी एकाच दिशेला फिरवलं, मग उलटं फिरवलं, मग जिवाच्या आकांतानं पीळ घातला. गादी दोरासारखी झाली, परातीत धार लागली, आणि फर्रकन मधोमध फाटून चार गडी चुलीकडं आणि चार गडी शेळीकडं पडले. राहिलेलं पाणी आसारामच्या धोतरावर गेलं.

गर्दीत मागं बसलेली आक्काबाई उठली आणि आपल्या घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या कमरेवर कळशी होती. ती तिनं छबूबाईपुढं ठेवली.

"नानी, हे नियमात बसत न्हाई," मच्छिंद्र म्हणाला.

"तुझा नियम टँकरपाशी. हे माझ्या घरचं हाय." आणि छबूबाईकडं वळून म्हणाली, "मी एवढंच म्हनले हुते गं, गादीत पानी हाय. नळाचं मी न्हाई म्हनले."

बनुबाईनं तांब्या आणून ओतला. आणखी दोघी-तिघींनी ओतला. मच्छिंद्र भिंतीकडं तोंड करून उभा होता. पाठ धरली आहे, असं तो म्हणत होता.

जाताना आसाराम म्हणाला, "मच्छिंद्र, तू चोर न्हाईस. पन परवापासनं टँकरपाशी छबूबाई उभी ऱ्हाईल. तुझी पाठ बरी न्हाई."

"पाठ बरी झाल्यावर?"

"तवा बी तिलाच ऱ्हाऊ दे," बनुबाई म्हणाली, आणि यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

फाटलेले दोन तुकडे दुसऱ्या दिवशी अंगणात वाळत पडले. बनुबाईनं त्यातला एवढासा तुकडा मागितला, हंड्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ करायला. छबूबाईनं कातरीनं गोल कापून दिला. मग आक्काबाई आली. मग पलीकडच्या आळीतल्या आल्या. मच्छिंद्र खरबरीत वाकळीवर पालथा पडून कातरीचा आवाज ऐकत होता (म्हणजे ऐकू येत नव्हता, पण कळत होतं). दुपारपर्यंत अंगणात पिवळा चुरा तेवढा उरला.

एक दिवस सोडून सकाळी टँकर आला. छबूबाई पाइपापाशी उभी राहिली, हातात काठी नाही, तोंडात शब्द नाही, आणि रांग दोरी लावल्यासारखी सरळ. रांगेतल्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर पिवळी चुंबळ. मधेच मच्छिंद्र दोन हंडे घेऊन उभा. उभ्या उभ्या त्याच्या ध्यानात आलं की चालताना हंड्यातलं पाणी हिंदकळतं ते वाया जात नाही. चुंबळ ते पिते, आणि घरी गेल्यावर बाई ती हंड्यावर पिळून घेते. म्हणजे घरटी दोन हंडे आणि वर चुंबळभर. त्याचं डोकं तापलं. तो तरातरा पुढं गेला.

"छबू, ह्या चुंबळीतनं पानी चाललंय. ही गोष्ट यादीत न्हाई."

छबूबाईनं पाइपावरची नजर काढली नाही. "रांग सोडली तुमी. मागं जा."

तो मग मागं गेला, शेवटी, आक्काबाईच्याही मागं. त्याची पाळी आली तेव्हा ऊन वर आलं होतं. दोन्ही हंडे भरले. एक उचलायला तो वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

आक्काबाई आपला हंडा खाली ठेवून परत आली. तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, त्याच्या डोक्यावर चापून बसवली आणि दोघा गड्यांना हंडा वर चढवायला सांगितला. रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या.

"मान ताठ ठेव. हळू चाल," ती म्हणाली. "आन् सांजच्याला आठवनीनं चुंबळ परत आनून दे. एकच हाय माझ्यापाशी."

"बरं," मच्छिंद्र म्हणाला.

"काय म्हनला? जरा मोठ्यांदा बोल की. ऐकू येत न्हाई."